हॉलमध्ये न बोललेलं

माझा धाकटा भाऊ ओंकार अमेरिकेत फेडरल न्यायाधीश होता, तोही अपिलाच्या कोर्टात. खालच्या कोर्टाचा निकाल ज्याला पटत नाही, तो ज्या दारात जातो त्या दाराच्या आत हा काळा झगा घालून बसायचा. तिकडे ही नेमणूक जन्मभराची असते. एकदा खुर्ची मिळाली की कोणी उठवू शकत नाही, आपणच कंटाळून उठायचं. तो उठला तेव्हा मोठा समारंभ झाला, आणि त्याचं भाषण सूनबाईने मला फोनवर लावून दिलं. भाषणात त्याने आमचं कतारमधलं, दोह्याचं घर काढलं. म्हणाला, आमच्याकडे दर शुक्रवारी कोर्ट भरायचं, वडील खालचं कोर्ट, आई अपिलाचं कोर्ट, न्याय म्हणजे काय ते मी तिथे शिकलो. लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे टिपले. मग म्हणाला, माझ्या मोठ्या भावाने मायदेशी परत जाऊन हातांनी काम करायचं निवडलं, मला त्याचा अभिमान आहे. निवडलं म्हणे! मी फोन पालथा घातला आणि सूनबाईला म्हटलं, चहा टाक. नववी नापास माणसाने लिहिलेलं कोणी वाचो न वाचो, पण त्या घराचं वर्णन करायचा हक्क काय एकट्या जजसाहेबांना नाही.

नजमा भागात एका जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. बाबा एका कंत्राटदार कंपनीत इंजिनियर होते. वेस्ट बेच्या काचेच्या टॉवरात त्यांचं ऑफिस, आणि जीव सगळा साइटवर. फुटबॉलचा वर्ल्ड कप यायचा होता. यायचा होता म्हणजे काय, तर आमच्या लहानपणी तो नुसता येतच होता. सगळं गाव खणून ठेवलं होतं. काल जिथून गेलो तो रस्ता आज नाही, आजचा रस्ता उद्या नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी पायाचे खांब ठोकणाऱ्या पायलिंगचं धप्प धप्प कानात शिरायचं, मग मागे येणाऱ्या डंपरची टूं टूं, मधेच अजान, आणि या सगळ्याच्या खाली एसीची घरघर, जी कधी थांबलीच तर झोपेतून दचकून उठायला व्हायचं. खिडकीच्या फटीत आई ओली फडकी कोंबून ठेवायची, तरी संध्याकाळी टेबलावर बोट फिरवलं की वाळूत रेघ उठायची. आणि बिल्डिंगीतले सगळे लोक असे तोऱ्यात बोलायचे की जणू फायनल यांच्याच गच्चीवर होणार आहे. "आमच्या स्टेडियमचं छत चढलं," खालचे सप्रेकाका म्हणायचे. स्टेडियम यांचं! हा माणूस एअर कंडिशनरचे डक्ट मोजणारा. ज्यांना रस्ता ओलांडताना धाप लागायची ते चारचौघांत ऑफसाइड समजावून सांगायचे.

घरात मात्र आई सिन्नरची होती आणि सिन्नरचीच राहिली. बेकरीतून गरम खुबूस यायचे, आणि त्या अरबी रोटीबरोबर आमच्या ताटात पिठलं असायचं, लसणाची फोडणी वरून ओतलेलं. हे खाणं जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही, आणि त्याची चव मला आजही कुठल्या हॉटेलात मिळालेली नाही. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा काळ्या मसाल्याचं मटण. मसाला मामा सिन्नरहून पाठवायचा, विमानतळावर बॅग उघडली की सगळा बेल्ट शिंकायचा. जेवण झालं की बाबा हॉलमधल्या सोफ्यावर ताठ बसायचे आणि म्हणायचे, "हं, बोला." हेच ते शुक्रवारचं कोर्ट. आठवडाभरातली भांडणं, शाळेच्या तक्रारी, फुटलेल्या वस्तू, सगळं तिथे निघायचं. बाबा दोन्ही बाजू ऐकायचे, तशी त्यांची समजूत होती, आणि शिक्षा सांगायचे. निकाल पटला नाही तर किचनमध्ये आईकडे जायची मुभा होती. आई शिक्षा कमी करू शकायची, कधी उडवूनच लावायची, आणि बाबा ते मानायचे. एवढं खरं, यात ओंकारच्या भाषणात काही खोटं नाही.

त्याने जो नियम सांगितला नाही तो मी सांगतो. हॉलमध्ये जे बोललं गेलं नाही, ते किचनमध्ये चालायचं नाही. हा नियम आईनेच केला होता, आणि माझ्यामुळेच केला होता हेही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे. हॉलमध्ये मी तोंडात गुळणी धरून बसायचो आणि किचनमध्ये आईसमोर अशा काही गोष्टी रचायचो की तिला हसू आवरायचं नाही. एक दिवस ती पोळपाटावर हात आपटून म्हणाली, "बास. तिथं बोलायचं ते तिथंच बोलायचं. इथं नवं काही ऐकायची नाही मी." मी हो म्हटलं आणि विसरलो. ओंकार विसरणाऱ्यांतला नव्हता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण नियम म्हटला की त्याचे डोळे असे चमकायचे, जसे दुसऱ्या पोरांचे आइस्क्रीमकडे बघून चमकतात. कॅरम खेळताना स्ट्रायकर रेषेला टेकला नाही म्हणून माझी राणी त्याने परत काढायला लावली होती. राणी गेली होती भोकात, मी बघितली होती, त्याने बघितली होती, पण ती मोजायची नाही, कारण स्ट्रायकर केसभर आत होता. असल्या पोराचं पुढे काय होणार? जजच होणार.

मी नववीत एकदा नापास झालो होतो. शाळेचा नियम असा की त्याच इयत्तेत दुसऱ्यांदा नापास झाला की नाव काढायचं. बाबांनी बजावून ठेवलं होतं, की या वेळेस घसरलास तर सिन्नरला मामाकडे जायचं. मामाचं एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. मला मामा आवडायचा, पण आईला सोडून जायची माझी तयारी नव्हती. त्या वर्षी मी अभ्यास केला होता. कोणाला पटणार नाही, पण केला होता. सगळे पेपर बरे गेले, आणि शेवटचा राहिला गणिताचा.

त्या सकाळी ओंकारच्या वर्गाला सुट्टी होती. बाबा साइटवर गेले होते, आई सकाळी एका बालवाडीत शिकवायची, तीही गेली होती. मी टाय लावून, पॅड घेऊन खाली उतरलो आणि आधी कोपऱ्यावर पेनाची रिफिल घ्यायला गेलो. बसचा थांबा त्या आठवड्यात बिल्डिंगीच्या मागे नेलेला होता, कारण पुढचा रस्ता गटाराच्या पाइपासाठी उभा चिरलेला. मी त्या चराच्या कडेने चाललो होतो, तर आतून आवाज आला, "दादा." अगदी बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. वाकून बघतो तर आमचे नियमाचे पक्के ओंकारराव खाली मांड्यांपर्यंत चिखलात रुतलेले. आदल्या संध्याकाळी त्याचा नवा फुटबॉल आत पडला होता. ज्याला उभा बॉल धड लाथाडता येत नव्हता, त्यालाही वर्ल्ड कपची हवा लागली होती. बॉल काढायला म्हणून तो अडथळे ओलांडून एकटाच उतरला. दोह्यात थोडं खणलं की खालून खारं पाणी येतं, आणि ती माती मग अशी होते की पाय घातला की गिळते.

"हलू नको," मी म्हटलं.

"दादा, मी हलत नाहीये, इट्स पुलिंग मी."

मी उतरलो. पॅड चिखलावर आडवं टाकलं, त्यावर पाय दिला आणि त्याला काखेत धरून ओढायला लागलो. तेवढ्यात एका नेपाळी कामगाराने वरून फळी सरकवली. मागून फोरमन धावत आला, "यल्ला, यल्ला! बाहर निकलो! किसका बच्चा है? पुलिस बुलाऊँ?" ओंकार निघाला, एक बूट आतच राहिला. निघाला आणि पहिलं काय केलं असेल, तर माझा हात धरून रडायला लागला. ते काम बाबांच्याच कंपनीचं होतं. कंपनीच्या माणसाचं पोर साइटवर घुसलं हे वर कळलं तर बाबांना नोटीस, कदाचित नोकरी, आणि नोकरी गेली तर व्हिसा खलास, सगळेच परत. हे बाबांनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं. "बाबांना सांगू नको. शप्पथ घे. आईची घे." मी घेतली. तोवर बस येऊन गेलेली. मी चिखलाने बरबटलेला, खिशात टॅक्सीपुरते पैसे नाहीत. फोरमनला नाव न सांगताच त्याला वर नेला, आंघोळ घातली, दोघांचे कपडे मशीनला लावले. कपडे गोल गोल फिरत होते आणि तिकडे गणिताचा पेपर चालला होता.

शाळेचा फोन बाबांना आला. शुक्रवार उजाडला. त्या दिवशी मटण झालं होतं की नाही हेसुद्धा मला आठवत नाही, आणि मला जेवणातलं सगळं आठवतं, यावरून काय ते समजा.

"हं, बोला," बाबा म्हणाले. "पेपराला कुठे होतास?"

मी जमिनीवरच्या फरशा मोजत राहिलो.

"सागर, मी काहीतरी विचारतोय. कुठे होतास?"

"नाही सांगणार."

"नाही सांगणार? म्हणजे उनाडायला गेला होतास. समैस्म्याला, त्या सप्रेंच्या पोराबरोबर, समुद्रावर."

"नाही."

"मग कुठे?"

मी ओंकारकडे बघितलं. तो सोफ्याच्या हातावरचं सुटलेलं सूत बोटाला गुंडाळत होता. बाबांनी त्यालाही विचारलं, "तू घरी होतास ना? दादा गेला तेव्हा काही म्हणाला?" तो म्हणाला, "म्हणाला, जातो." हे खरं होतं. सकाळी मी दारातून "जातो" म्हणालोच होतो. पुढे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की या न्यायाधीशाच्या तोंडून कधी चुकीचा शब्द निघाला नाही. नसेल निघाला. शब्द त्याचे नेहमीच बरोबर असायचे.

बाबांनी निकाल दिला. सिन्नर, आणि कायमचं.

मी किचनमध्ये गेलो. आई पोळ्या करत होती, पाठ आमच्याकडे. ओंकार माझ्या मागोमाग आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. आईने तवा उतरवला नाही, नुसता गॅस बारीक केला.

"काय लपवू राहिला तू?" ती म्हणाली. "पेपराच्या दिवशी तुझा युनिफॉर्म धुतलेला. ओम्याची पँट धुतलेली. तुम्ही पोरं मी ओरडल्याशिवाय एक मोजा तरी मशीनमध्ये टाकता का? सांग मला. मी आहे ना."

मी तिची शप्पथ घेतलेली, आणि तीच समोर उभी. शप्पथ मोडायची नव्हती. मी एवढंच म्हटलं, "ओम्याला विचार."

आई वळली. तिच्या हाताला पीठ होतं. "ओम्या?"

आणि त्या तेरा वर्षांच्या पोराने, फ्रिजला टेकून, बारीक पण स्पष्ट आवाजात विचारलं, "आई, रूल काय आहे? हे हॉलमध्ये झालं नाही. दादा तिथे काहीच बोलला नाही. मग इथे कसं चालेल?"

तव्यावरची पोळी जळायला लागली. वास सुटला तरी कोणी हललं नाही. आई त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. तिला कळलं होतं की नाही हे मी आयुष्यभर ठरवू शकलो नाही, आणि तिला विचारायला मी गेलो नाही. शेवटी तिने जळकी पोळी चिमट्याने उचलून बाजूला टाकली आणि म्हणाली, "नियम माझाच आहे." मग तव्याकडेच बघत, "कायमचं नको. एक वर्ष. वर्षभराने बघू." तेवढी तिने शिक्षा कमी केली. ते 'बघू' पुढे कधी उजाडलं नाही. फार महिने बाहेर राहिलं की तिकडचा रहिवासाचा परवाना संपतो, मग नव्याने काढा, मग शाळा घेईना, मग मीच म्हटलं, राहू दे.

त्याचं पुढचं सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. स्कॉलरशिप, लॉ कॉलेज, कुठल्या तरी म्हाताऱ्या जजाच्या हाताखाली निकाल लिहून देण्याची उमेदवारी, मग सरकारी वकील, मग सिनेटपुढे बसून तासन्तास गोड गोड उत्तरं, मग ती खुर्ची. एकदा त्याने तिकीट पाठवून मला बोलावलं आणि कोर्ट दाखवलं. मी मागच्या बाकावर बसलो. मला वाटलं होतं साक्षीदार येतील, कोणी रडेल, कोणी खोटं बोलताना पकडला जाईल. कसलं काय! त्या कोर्टात माणूसच येत नाही. तीन जज वर, एक वकील खाली, वकिलासमोर ट्राफिकसारखे दिवे. हिरवा असेल तोवर बोल, लाल झाला की गप्प. जन्मठेप भोगणाऱ्या कोणा माणसाचं अपील होतं. तो माणूस तिथे नव्हता, त्याला आणतच नाहीत. त्याचा वकील सांगत होता की त्या रात्री हा दुसरीकडे होता हे बघितलेला एक जण आता सापडलाय. आणि माझा भाऊ चश्म्यावरून बघत अदबीने म्हणाला, "कौन्सेल, हे खालच्या कोर्टात मांडलं होतं का?" वकील म्हणाला, नाही, पण. पुढचं कोणी ऐकलं नाही. माझ्या नाकात जळक्या पोळीचा वास शिरला आणि मी उठून बाहेर आलो. जेवताना त्याने विचारलं, "कसं वाटलं, दादा?" मी म्हटलं, "एसी फार गार आहे तुमचा." चारशे माणसांना जेवण घालता येईल एवढ्या पगारात हा कागद वाचून कागद लिहितो, आणि लोक त्याला विद्वान म्हणतात. मी गेट बनवली, जिने बनवले, पाण्याच्या टाकीचे मनोरे उभे केले. चुकलं तर माझं काम लोकांच्या अंगावर पडलं असतं. त्याचं पडतं तेव्हा तो तिथे नसतो.

मी निघालो तो दिवस तेवढा सांगून संपवतो. बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ त्याच विमानाने मुंबईला चालले होते, त्यांच्याबरोबर मला द्यायचं ठरलं. आई विमानतळावर आली नाही. तिने धपाटे बांधून दिले, माझी कॉलर सारखी केली आणि दार लावून घेतलं. दार लावल्यावर कडीचा आवाज आला नाही, म्हणजे ती दाराला टेकूनच उभी होती. संध्याकाळचा उजेड होता, वाटेवरच्या सगळ्या क्रेन त्या उजेडात काळ्या दिसत होत्या. गाडी लावून बाबा ट्रॉली आणायला गेले. मी आणि ओंकार गाडीच्या मागे, बॅगांपाशी उभे राहिलो. गरम हवा अंगावर येत होती.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, अजून होऊ शकतं."

"काय?"

"तू बाबांना म्हण, ओम्याला विचारा. त्यांनी विचारलं तर मी सगळं सांगेन. प्रॉमिस. खड्डा, बॉल, सगळं. फक्त त्यांनी विचारलं पाहिजे."

"तू स्वतःहून सांग ना."

"तसं नाही ना होत, दादा. मला कोणी विचारलंच नाहीये."

मला त्या क्षणी त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. दिली नाही. मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी चिखलात उतरलो तेव्हा मला कोणी विचारलं होतं का रे?" तो बॅगेची चेन उघडझाप करायला लागला. मी म्हटलं, "मी कोणाला काही म्हणणार नाही. तुझी दया नको मला." आज पुन्हा तिथे उभं केलं तरी मी हेच म्हणेन. शप्पथ घेतलेली माणसं भीक मागत नाहीत.

बाबा ट्रॉली घेऊन आले. एक चाक वाकडं होतं, ते खडखडत होतं. त्यांनी बॅगा चढवल्या, आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि थांबले. असे ते सहसा थांबायचे नाहीत.

"काय रे," ते ओंकारला म्हणाले, "काय चाललंय दोघांचं? काही सांगायचंय का तुला?"

विचारलं होतं. स्पष्ट, त्याला, नाव घेऊन नाही पण डोळ्यांत बघून विचारलं होतं. ओंकारने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मी मान हलवली नाही, होय म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. बाबा वाट बघत उभे होते.

"काही नाही, बाबा," ओंकार म्हणाला.

मी त्यांच्या हातातून ट्रॉली घेतली आणि काचेच्या दाराकडे ढकलत निघालो.